हीरो इकडे, मोटर तिकडे

ऑफिसच्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक म्हणजे काय असतं हे ज्यांना माहितीये त्यांना माहितीये. चार प्रवासवर्णनं (लडाख, लडाख, केरळ, लडाख), अकाउंट्समधल्या एकाची पावसावरची कविता आणि शेवटी पौष्टिक लाडू. यंदा संपादिका मॅडमच्या डोक्यात आलं की अंक जरा तरुण करूया, आणि माझं नशीब असं की त्याच दिवशी डबा खाताना मी बोलून गेलो की हॉस्टेलला आम्ही रात्र रात्र कॉम्प्युटर गेम खेळायचो. झालं. "अय्या, मग तुम्हीच लिहा ना एक गेमचं परीक्षण! आठशे शब्द. अनंत चतुर्दशीपर्यंत द्या." माझं वय त्रेचाळीस, नाकावर चाळीशी, उजव्या मनगटाला पट्टा. पण तोंडातून ‘हो’ गेलेलं.

गेम मात्र ठरलेलाच होता. वॉरक्राफ्ट थ्री. जुलै २००२ मध्ये आला, वर्षभराने त्याची पुरवणी आली फ्रोझन थ्रोन नावाची, आणि आमच्या हॉस्टेलला तो कुठून आला हे कृपया विचारू नका, त्या काळी सीडी नदीसारखी असायची, उगम बघायचा नसतो. आता मात्र नोकरदार माणूस म्हणून रीतसर कार्ड घासून २०२० सालची रीफोर्ज्ड नावाची नवी आवृत्ती घेतली. ही आली तेव्हा जगभरातल्या जुन्या खेळाडूंनी तिला इतक्या शिव्या घातल्या होत्या की विकत घेताना मलाच चोरी केल्यासारखं वाटलं. चाळीत वाढलेल्या माणसाला रिडेव्हलपमेंटनंतरची बिल्डिंग बघून जे होतं ना, तेच. लिफ्ट आहे, टाइल्स आहेत, पण गॅलरी कुठाय?

तर परीक्षण. पहिली अडचण अशी की हा गेम नक्की कुठल्या प्रकारचा, हे ज्या लोकांना गेम म्हणजे कँडी क्रश वाटतो त्यांना सांगायचं कसं. यात दोन जाती एकत्र केल्यात. एक रोल प्लेइंग. त्यात तुमचा एकच हीरो असतो, म्हणजे एकुलता एक मुलगा धरा, त्याला जपायचं, अनुभव द्यायचा, तो एकेक लेव्हल वर जातो, त्याच्या पिशवीत अंगठ्या-ताईत-औषधाच्या बाटल्या भरायच्या. दुसरी रिअल टाइम स्ट्रॅटेजी. हे म्हणजे लग्नघर. खाण खणा, लाकडं तोडा, मांडव घाला, माणसं वाढवा, आणि कुणीही तुमच्यासाठी थांबत नाही, तुम्ही आचाऱ्याशी बोलत असताना तिकडे वरपक्ष दारात येऊन उभा. बुद्धिबळासारखं ‘आता तुमची चाल’ असा प्रकारच नाही. आता विचार करा की लग्नघर पण तुम्हीच चालवताय आणि त्याच वेळी एकुलत्या एका मुलाची दहावी पण आहे. वॉरक्राफ्ट थ्री म्हणजे हे. १९९९ साली कंपनीने जाहीर केला तेव्हा ‘रोल प्लेइंग स्ट्रॅटेजी’ असंच नाव दिलं होतं या प्रकाराला, नंतर बनवता बनवता तो बराचसा स्ट्रॅटेजीकडे झुकला, पण हीरो काही गेला नाही. बरंच झालं, सगळी गंमत त्याच्यातच आहे. आणि सगळा मनस्तापही.

मनस्ताप कसा ते सांगतो. एज ऑफ एम्पायर्स टू खेळलेली पिढी आहे आमची, त्यात कसं, भिंत बांधायची, आत बसायचं, शेती करायची, निवांत दीडदोनशे माणसं जमवायची आणि मग दार उघडून एकदम सोडायची. निवृत्तीनंतर फार्महाऊसवर राहिल्यासारखा गेम. इथे तसं बसू देत नाहीत. हीरोला अनुभव हवा तर बाहेर जाऊन मारामारी करायला लागते. नकाशावर जागोजागी भुरटे राक्षस तळ ठोकून बसलेत, छोट्या नकाशात हिरवे ठिपके म्हणजे सोपे, केशरी म्हणजे जरा विचार करा आणि लाल म्हणजे घरी सांगून या. रात्री ते झोपतात, तेव्हा शेजारून चोरपावलांनी जाता येतं. त्यांना मारलं की अनुभव, थोडं सोनं आणि एखादी वस्तू. म्हणून हीरोला घेऊन गावभर फिरायचं. पण तुम्ही तिकडे फिरताय तेव्हा इकडे घरी कोण बघतंय?

शिवाय माणसं तरी भरपूर जमवावीत, तर तिथे मेंटेनन्स आहे. खरंच आहे. गेममध्ये त्याला अपकीप म्हणतात. लोकसंख्या पन्नासपर्यंत असेल तर मजूर एका खेपेला दहा सोनं आणतो ते दहाच्या दहा तुमचं. एक्कावन्नावा माणूस आला की दहातले सातच हातात पडतात. ऐंशीच्या वर गेलात की चार. शंभरच्या वर जाताच येत नाही. बाकीचं सोनं कुठे जातं याचा हिशोब कुठल्याच सर्वसाधारण सभेत मांडला जात नाही. हे मी पहिल्यांदा आमच्या सोसायटीच्या खजिनदारांना समजावलं तेव्हा त्यांच्या डोळ्यात जी चमक आली ती मला आवडली नाही.

पण हा नियम कुणीतरी फार डोकं लावून केलाय, हे मला विशीत कळलं नव्हतं, आत्ता परीक्षणासाठी खेळताना कळलं. फौज मोठी केली की उत्पन्न घटतं, म्हणून फौज लहान ठेवायची, लहान ठेवली की एकेक शिपाई मोलाचा होतो, त्याला जखम झाली की जीव वर-खाली होतो, आणि मोजक्या माणसांत हीरोचं वजन आपोआप वाढतं. म्हणजे रोल प्लेइंग वरून मिठासारखं भुरभुरवलेलं नाहीये, फोडणीतच घातलंय. हे वाक्य मी लेखात टाकलं होतं. मॅडमनी ‘पाककृती विभागात हलवू का?’ असं विचारलं.

मजुरांबद्दल वेगळं लिहायला पाहिजे. यात ऑर्क नावाची हिरवी धिप्पाड जमात आहे, त्यांच्या मजुराचं नाव पीऑन. स्पेलिंग बघा, हा आपला सरकारी प्यूनच. आणि वागणं पण तेच! काम सांगितलं की ‘वर्क, वर्क’ किंवा ‘झग झग’ असं पुटपुटत कमरेतून हलत निघतो, आणि उगाच सारखं सारखं क्लिक केलं की वैतागून सुनावतो की मी कामात आहे, मला सोडा. आयुष्यात इतक्या ऑफिसांच्या खिडक्यांसमोर उभा राहिलोय, पण हा जो आपलेपणा वाटला तो कुठल्याच परदेशी गेममध्ये वाटला नाही.

खेळणार कधी हा प्रश्न होता. संध्याकाळी टीव्ही आईचा, रात्री लॅपटॉप मुलीचा, रविवार बायकोच्या यादीचा. उरली पहाट. आणि पहाट यंदा सोसायटीची होती. आमचा वॉचमन गावी गेलाय, तो गेल्यापासून पाणी सोडायची पाळी एकेका घराकडे, आठवड्याला एक. सव्वापाचला पाणी येतं, खाली जाऊन व्हॉल्व्ह फिरवायचा, मोटर चालू करायची, आणि बरोबर पस्तीस मिनिटांनी परत खाली जाऊन बंद करायची, कारण गच्चीवरच्या टाकीचा फ्लोट बिघडलाय आणि तो कुणी दुरुस्त करायचा यावर गेली दोन वर्षं चर्चा चालू आहे. पस्तीस मिनिटं! मला वाटलं काय छान, मोटर चालू करून यायचं, अर्धा तास खेळायचं, जाऊन बंद करायची.

त्या दिवशी माझा मुक्काम हार्थग्लेन नावाच्या गावात होता. कथा अशी की आर्थस नावाचा राजपुत्र आहे, पॅलाडिन, म्हणजे देवभक्त योद्धा, हातात भलामोठा हातोडा, सोनेरी केस. राज्यात रोगराई पसरलीये आणि ती पसरतीये धान्यातून. तो दूषित गहू जो खाईल तो मरून परत उठून चालायला लागतो. या गावात आर्थस अडकतो, चहूबाजूंनी मेलेली माणसं चाल करून येतात, आणि त्याचे गुरू मदत घेऊन येईपर्यंत तीस मिनिटं गाव लढवायचं. स्क्रीनच्या कोपऱ्यात घड्याळ उलटं धावत असतं. तीस मिनिटं गेममध्ये, पस्तीस मोटरला. गणित माझं पक्कं होतं.

आई पाचलाच उठते. चहा घेऊन माझ्या मागे खुर्चीत येऊन बसली. तिला मी थोडक्यात कथा सांगितली. ती म्हणाली, "धान्य निवडून, ऊन दाखवून ठेवत नाहीत का रे तिकडे?"

पहिली दहा मिनिटं बरी गेली. पश्चिमेला मनोरे बांधले, पूर्वेला बंदूकवाले बुटके उभे केले, आर्थसला मधे ठेवला. त्याच्याकडे होली लाइट नावाची विद्या आहे, आपल्या माणसावर टाकली की जखम भरते आणि तीच मुडद्यावर टाकली की त्याला भाजते, एकाच तुपाने निरांजनही आणि शिराही. मग एक निरोप आला की बाहेरच्या रस्त्याने दूषित धान्याच्या गाड्या चालल्यात, त्या अडवा. आता हे करायलाच पाहिजे असं नाही. पण आईने गाड्या बघितल्या होत्या ना! "अरे, ते धान्य पुढच्या गावात जाईल. लहान मुलं असतील तिथे." मग काय, घेतला आर्थस, घेतले सहा-सात शिपाई, निघालो बाहेर. तिकडे गाड्या फोडतोय, आर्थसची लेव्हल वाढली, त्याला नवीन विद्या कुठली द्यायची याच्यावर आईशी चर्चा (आईचं मत: जी सगळ्यांना उपयोगी पडेल ती), पिशवीत एक नवीन वस्तू आली, पिशवीत सहाच कप्पे, मग जुनी बाटली टाकू का नको, आणि तेवढ्यात लांबून कुठूनतरी भोंगा वाजतोय की आपल्या गावावर हल्ला झालाय. परत येतो तर पश्चिमेचे मनोरे गेलेले. मजुरांना शस्त्रं धरायला लावायचं एक बटण आहे, ते दाबलं की शेतमजूर धावत जाऊन चिलखत घालून ४५ सेकंदांसाठी सैनिक होतात. मी दाबलं. सगळे धावले. लाकूड बंद, सोनं बंद, दुरुस्ती बंद, सगळं गाव चिलखत घालून माझ्याकडे बघतंय आणि मला एका वेळी बारांपेक्षा जास्त माणसं निवडताच येत नाहीयेत.

घड्याळात दोन मिनिटं उरली होती. मग एक. मग गुरू आले, घोड्यावरून, शिट्टी मारावी अशी एंट्री. मी खुर्चीतून उठून दोन्ही हात वर केले. आईसुद्धा म्हणाली, "आला बाबा वेळेवर."

आणि मग आम्हाला दोघांना पाण्याचा आवाज ऐकू आला.

काय झालं होतं, तर गणित करताना गेमची गोष्ट सुरू व्हायच्या आधी जे सगळे उभं राहून बोलतात ते मी धरलं नव्हतं, शिवाय पहिल्या वेळी आठव्या मिनिटाला हरलो होतो ते पण धरलं नव्हतं. हरल्यावर गेम विचारतो, परत खेळता का? आणि खाली अगदी नम्रपणे एक बटण असतं: सोपं करून देऊ का? मी मानी माणूस. त्या मानीपणाची किंमत बारा मिनिटं. आमच्या टाकीचा ओव्हरफ्लोचा पाइप बरोब्बर चेअरमन काकांच्या बाल्कनीच्या वर निघतो. आणि काकांनी, गणपती चार दिवसांवर आले म्हणून, पुठ्ठ्याचं मखर करून, रंगवून, बाल्कनीत वाळत ठेवलं होतं. केदारनाथचं देऊळ होतं म्हणे. मी धावत खाली पोचलो तेव्हा कळस पिठल्यासारखा झाला होता आणि पिवळा रंग दुसऱ्या मजल्यापर्यंत ओघळला होता.

काका बाल्कनीत बनियनवर उभे. काही बोलले नाहीत. मी म्हणलं, "काका, सॉरी, जरा अडकलो होतो." कुठे अडकलो होतो ते सांगायची सोय नव्हती.

संध्याकाळी भाचा आला. हा सोळा वर्षांचा, दिवसरात्र डोटा टू खेळतो, आणि त्याला हे माहितीच नव्हतं की डोटा म्हणजे मूळ याच वॉरक्राफ्ट थ्रीवर हौशी खेळाडूंनी स्वतः बनवलेला एक नकाशा होता. गेमसोबत नकाशे बनवायचं हत्यार फुकट मिळायचं, लोकांनी त्यातून लग्नघर काढून टाकलं आणि नुसता एकुलता एक मुलगा ठेवला, आणि त्याचाच पुढे २०१३ मध्ये वेगळ्या कंपनीने डोटा टू केला. हे सांगितल्यावर त्याने माझ्याकडे पहिल्यांदाच जरा आदराने बघितलं. तो आदर साधारण दीड मिनिट टिकला. कारण मग मी त्याला मखराची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "मामा, मग पॉज का नाही केलंस?"

"पॉज?"

"एफ टेन दाबायचं. मेन्यू उघडला की गेम थांबतो. एकटा खेळत होतास ना तू?"

मी थोडा वेळ काहीच बोललो नाही. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली, माझ्याकडे बघितलं, परत आत गेली.

मग भाच्याशी समोरासमोर एक डाव झाला, परीक्षणात तोही भाग यायला हवा म्हणून. थोडक्यात उरकतो, कारण डावही थोडक्यातच उरकला. मी माणसं घेतली, त्याने ऑर्क. पहिला हीरो फुकट मिळतो. त्याने ब्लेडमास्टर घेतला, हा तलवारवाला अदृश्य होऊन फिरतो. मी आपला संसार मांडत होतो, एका खाणीवर पाच मजूर पुरतात हे मला आठवत होतं याचाच आनंद होता, आणि तो अदृश्य गडी माझ्या अंगणात येऊन एकेक मजूर टिपून परत गायब. माझा हीरो तेव्हा बाहेर लेव्हल वाढवायला गेलेला. हीरोजवळ एक टाऊन पोर्टलची गुंडाळी असते, वाचली की हीरो आजूबाजूच्या फौजेसकट घरी. म्हणजे परतीचं तिकीट. ते मी वापरलं, घरी पोचलो, तर हा तोपर्यंत माझ्या फौजेच्या जागी जाऊन माझेच अर्धमेले राक्षस मारून अनुभव खातोय. "मामा, तुझा हीरो अजून लेव्हल दोनवर?" दहावीच्या निकालाला शेजारच्या काकू विचारायच्या त्याच आवाजात.

दुसऱ्या दिवशीपासून मी चेअरमन काकांकडे मखराला रंग द्यायला जायला लागलो. गेम बाजूला राहिला. आणि इथे मला अपेक्षा नसलेली गोष्ट झाली, आई अस्वस्थ. तिसऱ्या दिवशी जेवताना विचारते, "त्या पोराचं पुढे काय झालं?" मी म्हणलं, पाण्याची पाळी आहे अजून, नको. ती म्हणाली, "मोटर मी बघते. फोनवर गजर लावून ठेवते. तू त्या पोराला घरी आण."

मग पुढचे दिवस पहाटे आम्ही दोघं. खरं सांगतो, वीस वर्षांपूर्वी या गोष्टीत मला फक्त मारामारी दिसली होती. आई मात्र पहिल्यापासून पोराला ओळखून होती. एका शहरात दूषित धान्य वाटून झालंय, लोक अजून माणसं आहेत पण घटकाभरात उठून चावायला लागणार, आणि आर्थस ठरवतो की त्याआधीच सगळ्यांना कापायचं. गुरू नाही म्हणतात, त्याची मैत्रीण सोडून जाते, आणि मग हे काम तुम्हाला, म्हणजे खेळणाऱ्याला, स्वतःच्या हाताने करायला लागतं. घराघरावर क्लिक करून. पलीकडे राक्षसही तेच करतोय आणि वर आकडा पळतोय, आधी शंभर कोण करतो. सिनेमात बघितलं असतं तर हळहळून सोडून दिलं असतं, इथे माझंच बोट होतं. आई म्हणाली, "थांबव ना." एफ टेन आता येत होतं, दाबलं. पण थांबून काय, पुढे जायचा दुसरा रस्ताच ठेवलेला नाही.

पुढे तो बर्फाच्या मुलखात जातो, सैन्याला घरून परत बोलावणं येतं, तर हा भाडोत्री लोकांकडून स्वतःचीच जहाजं जाळून घेतो आणि वर आळ त्या भाडोत्र्यांवरच ढकलतो. इथे आईचा पारा चढला, माणसं मारली तेव्हा नव्हता इतका. "खोटं बोलतोय मेला! आपल्याच माणसांशी!" मग ती शापित तलवार. बर्फात रोवलेली, तिच्याखाली चक्क लिहून ठेवलंय की हिला हात लावशील तर ताकद मिळेल पण आत्म्यावर वळ उठेल, सोबतचा बुटका म्हातारा वाचून दाखवतो, सोड म्हणतो, तरी हा घेतोच. आई म्हणाली, "बोर्ड वाचून हात लावतोय म्हणजे काय म्हणायचं," आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या बोटाला अजून केदारनाथचा पिवळा रंग होता.

शेवटच्या दिवशी तो घरी आला. नगरात घंटा वाजतायत, लोक वरून फुलांच्या पाकळ्या टाकतायत, हा काळं ओढून दरबारात चाललाय. म्हातारा राजा सिंहासनावरून उठतो, मुलगा जिंकून आला म्हणून. आणि हा तलवार काढतो. मुकुट घरंगळत जातो, रक्ताचा ठिपका ओढत.

"बापाला मारलंन," आई म्हणाली. रत्नागिरी सोडून तिला पन्नास वर्षं झाली, पण धक्का बसला की तिचं ‘मारलंन’ बाहेर येतं. चहावर साय धरली होती. फोनचा गजर वाजत होता तो तिने बंद केला.

मी घाईघाईने म्हणलं, अगं गोष्ट संपली नाही, पुढच्याच भागात परत हाच आहे.

"शिक्षा होते त्याला?"

"नाही, म्हणजे, पुढच्या भागात आपण त्याच्याच बाजूने खेळायचं."

आई उठली. कपबशी घेतली. "मग मोटर तुझी तू बघ," म्हणाली.